वसईच्या परसात मोटारसायकलची शेड

अर्नाळ्यापासून नायगावच्या खाडीपर्यंत, वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्यांच्या घरामागे अजून थोडे परस उरले आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. विषय लहान आहे. त्या परसात मोटारसायकल ठेवायला शेड कोणती घ्यावी, कुठे उभारावी आणि कशाची बांधावी, एवढाच. तरी त्यावर इतकी पाने लिहावीशी वाटली, कारण आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज या गावांत घरांमागे चांगला पैसा खर्चून उभ्या केलेल्या, चारही बाजूंनी पत्र्याने बंद केलेल्या शेड मी पाहत आलो आहे, आणि त्यांतल्या गाड्या अंगणात झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांपेक्षा लवकर गंजलेल्याही पाहिल्या आहेत. गाडी जपावी म्हणून माणूस कष्टाचा पैसा घालतो आणि त्याच पैशाने तिचे आयुष्य कमी होते, ही गोष्ट मला लागते. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, फुलांच्या करंड्या आणि स्टेशन गाठणारी माणसे इथे याच गाड्यांवरून जातात. गाडी बंद पडली की घराचा दिवस बिघडतो.

आपल्याकडे शेडचा विचार कुलपापासून सुरू होतो. गाडी चोरीला जाऊ नये, तिच्यावर थेट पाऊस पडू नये, म्हणून सातिवली किंवा वालीवच्या गाळ्यातला फॅब्रिकेटर गाठायचा, त्याला लांबी-रुंदी सांगायची. तो अँगल आणि पत्र्याचा भाव सांगतो आणि आठवडाभरात डबा उभा राहतो. खालची जमीन कशी आहे, पावसाळ्यात तिथे पाणी किती चढते, वारा कुठून येतो, आतली दमट हवा बाहेर कशी जाणार, हे कुणी विचारत नाही. फॅब्रिकेटरचे ते काम नव्हे आणि घरमालकाला तेव्हा ते सुचत नाही. या पुस्तिकेत क्रम उलटा ठेवला आहे. आधी जमीन, मग हवा, मग छप्पर आणि भिंती, कुलूप सर्वांत शेवटी. इतर देशांतल्या शेडचे नमुने पाहून आपल्याकडे बंद खोकी येऊ लागली आहेत. थंड मुलखात गाडी हिवाळाभर झाकून ठेवायची असते, तिथे ते शोभते. आपली गाडी रोज बाहेर जाते, रोज ओली परत येते, आणि आपल्याकडे समुद्र आहे.

लोखंड गंजायला पाणी लागते, पण डोळ्यांना दिसेल इतके लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा अतिशय पातळ थर धरतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. किनाऱ्यावर त्यात मीठ येऊन मिळते. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्यावर आत येतात, त्यांतले पाणी उडते आणि मीठ टाकीवर, स्पोकांवर, तारांच्या जोडांवर बसते. साधे मीठ ७५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत हवेतूनच पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओले होते. म्हणजे रानगाव, राजोडी, कळंब या किनाऱ्यालगतच्या गावांत गाडीवर मीठ एकदा बसले की डिसेंबरातल्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही ते पुरते वाळत नाही. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर ठाण मांडून बसते, तेव्हाचे तर सांगायलाच नको.

बंद शेड या मिठाला अडवू शकत नाही, कारण ते हवेबरोबर फटीफटीतून आत शिरते. ती अडवते फक्त पाऊस, आणि मीठ धुऊन काढणारा पाऊसच असतो. घराच्या खिडकीवरच्या छज्ज्याखाली, जिथे पावसाचे पाणी पोचत नाही, तिथले गज उघड्यावरच्या गजांपेक्षा आधी का फुगतात, याचे उत्तर यातच आहे. म्हणून शेड बांधणाऱ्याला एक जबाबदारी डोळसपणे उचलावी लागते: पावसाचे धुण्याचे काम आता आपल्याला करायचे आहे. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडी धुणे आणि ती वाऱ्यावर वाळू देणे, हे मी कुठल्याही पत्र्याच्या आणि रंगाच्या आधी मांडतो.

गोड्या पाण्याचा आग्रह उगाच नाही. वसईच्या पश्चिमेला विहिरी आणि बावखले ही या भूमीची श्रीमंती होती. पानवेली, केळी, भाजीचे वाफे त्यांच्यावर जगले. टँकरांनी उपसा सुरू केला तसे किनाऱ्याकडचे पाणी खारट होऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभे केले, त्यात हा उपसा हा मोठा प्रश्न होता. मोटारसायकलच्या पुस्तिकेत हा विषय आणण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. बोअरचे पाणी जिभेला मचूळ लागत असेल तर त्याने गाडी धुणे म्हणजे तिच्यावर मिठाचा हात फिरवणे. अशा घरी पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात धरावे आणि उरलेले महिने शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची घ्यावी.

आणखी एक रोग शेडच्या माथी मारला जातो, तो आताच वेगळा काढतो. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते. गाडी बराच वेळ चालली तर सायलेन्सर पुरता तापतो आणि आतली ओल निघून जाते. घर ते वसई रोड किंवा नालासोपारा स्टेशन एवढीच दहा मिनिटांची फेरी असेल, तर ते पाणी आतच साचते आणि सायलेन्सर आतून सडतो. यावर शेडमध्ये उपाय नाही. आठवड्यातून एकदा गाडी वज्रेश्वरीपर्यंत नेऊन आणावी.

आता जुन्या घरांकडे वळतो, कारण या विषयातले निम्मे शहाणपण तिथे आहे. वसईतले जुने घर काळ्या दगडाच्या जोत्यावर उभे असते. पुढे ओटा, बाजूला उतरत गेलेल्या छपराची पडवी, वर कौले, आणि कौले व भिंत यांच्यामध्ये हवा खेळायला जागा. बैलगाडी, नांगर, दोर, जाळी असे जे जे ओलीने बिघडते ते या पडवीत राही. पडवीला एक बाजू पूर्ण उघडी असे. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधत आणि पाऊस सरला की ते सोडत. झाप पावसाची झड अडवी, पण वारा गाळून आत येऊ देई. मोटारसायकलची चांगली शेड म्हणजे पत्र्याची खोली नसून हीच पडवी आहे, थोडी उंच जोत्यावर, थोडी भक्कम बांधलेली. या पुस्तिकेतला एकूण एक आराखडा त्या पडवीवरून काढला आहे.

तेव्हा दिशा अशी ठेवावी: पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद, पूर्व बाजू उघडी किंवा नुसत्या जाळीची. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, मेमधले जाळणारे ऊन दुपारनंतर पश्चिमेकडून येते आणि मिठाचा वाराही तिकडूनच. या दोन बंद बाजूंनी तिन्ही अडतात. पूर्वेचे सकाळचे ऊन गाडीला लागले तर रात्रीची ओल आठ-नऊ वाजेपर्यंत सुकते. छप्पर भिंतीच्या पुढे निदान दोन फूट आलेले हवे. बंद भिंतीही जमिनीला टेकवू नयेत आणि छपराला भिडवू नयेत. खाली वीतभर आणि वर वीतभर फट ठेवून तिला बारीक छिद्रांची वेल्डमेश लावावी. खालच्या फटीला आणखी एक कारण आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि तिला बाहेर जायला वाट खालूनच द्यावी लागते. शेडमध्ये देवाचा दिवा, शेगडी, गॅसचे सिलिंडर काहीही ठेवू नये, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही थांबू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

बरीच घरे नवी शेड न बांधता रिकामा झालेला गोठा वापरतात. गुरे गेली, गोठा उरला, त्यात बुलेट आली. जागा उंचावर असते, छप्पर तयार असते, हवा खेळती असते, म्हणून हा पर्याय वाईट नाही. पण गोठ्याची जमीन वर्षानुवर्षे गोमूत्र प्यायलेली असते. त्यातून अमोनिया सुटत राहतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळेवर चढतो. याची गोष्ट लष्कराच्या इतिहासात आहे. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, तेव्हा दारूगोळा तबेल्यांमध्ये ठेवत. पाऊस सरल्यावर पाहावे तर पितळी काडतुसांना तडे गेलेले. हे का होते ते बराच काळ उलगडेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण मांडले: घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ तडकते. मोटारसायकलमध्ये कार्ब्युरेटरचे जेट, तारांची टोके, टायरच्या व्हॉल्वची नळी असे पितळेचे भाग असतात. तेव्हा गोठा घ्यायचा तर वरची फूटभर माती उकरून वाडीत खत म्हणून टाकावी, गव्हाणीची जुनी विटांची भिंत काढावी, खाली खडीचे सोलिंग करून नवा कोबा घालावा. नुसत्या जुन्या जमिनीवर शहाबादी फरशी बसवून भागत नाही. ओल आणि वास फरशीच्या सांध्यांतून वर येतात.

कोब्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पावसाळ्यात आपल्या पश्चिम पट्ट्यात विहिरीचे पाणी हाताला लागेल इतके वर येते आणि जमीन खालून घामेजते. सोलिंगवर जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरून त्यावर चार इंचांचे काँक्रीट घातले तर ही ओल अडते. खर्चात तो कागद अगदी किरकोळ आहे. काँक्रीट पडून गेल्यावर मात्र तो कधीच घालता येत नाही.

जमीन सगळीकडे सारखी नाही. अर्नाळा, राजोडी, भुईगावकडे वाळू आहे. पाणी झटकन मुरते, पण खांबाला पकड कमी मिळते. उमेळा, नायगाव, जूचंद्रकडे खाडीलगत खाजणाची काळी माती, ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोबा तिथे तुटतो, म्हणून त्यात लोखंडी जाळी हवीच. पूर्वेला तुंगारेश्वरच्या पायथ्याकडे मुरूम आणि कातळ, तिथे पाया सोपा, मात्र डोंगरावरून वाहत येणारे पाणी शेडच्या मागच्या बाजूने वळवून द्यावे लागते.

आणि पाणी कुठवर चढते, हा प्रश्न. २०१८ च्या जुलैत, ९ ते ११ तारखांच्या पावसात, वसई-विरारने जे पाहिले ते इथे कुणाला सांगायला नको. नालासोपारा स्टेशनात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, मिठागरात शेकडो माणसे अडकली, पाणी आणि अंधार दोन्ही कित्येक दिवस राहिले. महापालिकेने त्यानंतर आयआयटी मुंबई आणि नीरीच्या तज्ज्ञांकडून कारणांचा अभ्यास करून घेतला. पाऊस खूप पडला हे एक कारण झाले. मिठागरे आणि खाजणे ही पाणी पसरायची जागा आहे, ती भरली गेली. रेल्वेखालच्या मोऱ्या अपुऱ्या पडतात. आणि भरतीच्या वेळी खाडीच वर आलेली असते, मग पावसाच्या पाण्याने जायचे कुठे. हे बदलेपर्यंत आपल्याला आपल्या परसाचा हिशेब आपणच करायचा आहे. त्या वर्षीची पाण्याची खूण बऱ्याच घरांच्या भिंतींवर अजून दिसते. शेडचे जोते त्या खुणेच्या वर गेले पाहिजे.

पण जोते वाढवले की गाडी चढवण्याचा प्रश्न येतो आणि इथे आकडे मांडूनच निर्णय घ्यावा. एक फूट उंच जोत्याला आठ फूट लांब उतार द्यावा. क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे. अशा उतारावर ती ढकलायला सुमारे २४ किलोचा जोर लागतो, जो एकट्या माणसाला जमतो. जागा वाचवायला उतार चारच फूट ठेवला तर तोच जोर ४७ किलोवर जातो, आणि पावसात ओल्या काँक्रीटवर पाय सरकला तर गाडी अंगावर येते. स्प्लेंडर ११२ किलोची, तिच्या मालकाला थोडी सूट आहे. उताराला गुळगुळीत घोटाई करू नये, खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात. दोन फूट पाणी चढणाऱ्या परसात सोळा फुटांचा उतार लागेल आणि एवढे परस फार थोड्यांकडे आहे. त्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे की मागे शेड बांधू नये. पुढच्या दारी ओट्यालगत उंच जागा असेल तर तिथे पडवी उतरवावी, नसेल तर पावसाळ्यापुरती शेजाऱ्याच्या उंच ओट्यावर जागा मागावी. वसईत ती मिळते. आणि पाणी गाडीच्या एअर फिल्टरपर्यंत चढले असेल तर ओसरल्यावर किक मारून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग आणि ऑइल काढायचे, मग पुढचे.

छपराकडे येतो. पत्रा स्वस्त, हलका आणि दोन दिवसांत चढणारा, म्हणून सगळे पत्राच घेतात. त्याचे दोन दोष आहेत. हिवाळ्यात निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो, आतल्या दमट हवेतले पाणी त्याच्या खालच्या अंगाला धरते आणि पहाटे गाडीवर थेंब थेंब गळते. पाऊस नसताना शेडमध्ये गाडी ओली का सापडते, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर आहे. भिंती उघड्या ठेवल्या की हे बरेच कमी होते, पत्र्याखाली फोमचे किंवा लाकडी फळ्यांचे अस्तर दिले की जवळपास थांबते. मंगलोरी कौलांना हा रोग नाही. माती थोडी ओल पिते आणि सोडते, आणि कौलांच्या सांध्यांतून हवा जाते. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आपल्याकडे पाडलेल्या घरांची चांगली जुनी कौले अजून मिळतात. घराला कौले असतील तर शेडलाही कौलेच घाला, असे मी म्हणेन. सिमेंटचा पत्रा मात्र नको. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतो, तो कापताना आणि भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे आणि ती काम करणाऱ्या मुलांच्या छातीत जाते.

दुसरा दोष वाऱ्याचा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले तेव्हा किती पत्रे उडाले ते आठवून पाहावे. आठ फूट बाय दहा फुटांच्या छपराचा पत्रा तीस-पस्तीस किलोचा असतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा अशा उघड्या शेडचे छप्पर साधारण साडेतीनशे किलोच्या जोराने वर उचलू शकतो. म्हणून खांब नुसते कोब्यावर प्लेट ठेवून बोल्टने कसू नयेत. प्रत्येक खांबाखाली दीड फूट लांब, रुंद आणि खोल असा काँक्रीटचा ठोकळा घालावा. तो एकटाच सुमारे २३० किलोचा होतो आणि चार मिळून वाऱ्याला पुरून उरतात. मुंबईच्या इमारतींसाठी भारतीय मानकाने धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. तेव्हा हा हिशेब भित्र्या माणसाचा आहे असे कुणी समजू नये.

लोखंडाची निवड करताना फॅब्रिकेटरला विचारायचे प्रश्न पुढे एका प्रकरणात सविस्तर आहेत. इथे एवढेच की पत्र्याची जाडी जितकी महत्त्वाची, तितकाच त्यावरचा जस्ताचा लेप महत्त्वाचा. बाजारात १२० जीएसएमचा जीआय पत्रा सर्रास मिळतो. समुद्राजवळ २७५ चा मागावा, किंवा ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाचा रंगीत पत्रा घ्यावा. चौकोनी पाइपाची तोंडे उघडी ठेवली की तो आतून गंजतो आणि वरचा रंग शाबूत असतानाच एक दिवस मोडतो, म्हणून प्रत्येक तोंड वेल्डिंगने बंद करून घ्यावे. वेल्डिंग झालेल्या जागी जस्त जळून गेलेले असते. तिथे झिंकचा प्रायमर लावला की नाही ते स्वतः उभे राहून पाहावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. आपल्याकडची शेड बहुधा स्क्रूपासूनच मरायला लागते.

माप सोपे आहे. क्लासिक ३५० ची लांबी २१४५ मिलिमीटर आणि हँडलची रुंदी ७८५ मिलिमीटर, म्हणजे गाडी सात फूट लांब आणि अडीच फुटांहून किंचित जास्त रुंद. त्याभोवती माणसाला उतरता आले पाहिजे, साइड स्टँडच्या डाव्या बाजूला तीन फूट मोकळे हवेत, डबल स्टँडवर घ्यायची तर मागे फूटभर. एका गाडीला नऊ फूट बाय सहा फूट आणि चार फुटांचे दार. घरात दुसरी गाडी येणार हे बहुतेक ठरलेले असते, तेव्हा रुंदी नऊ फूट धरली तर चार वर्षांनी पुन्हा तोडफोड करावी लागत नाही. दुसरी गाडी विजेवर चालणारी असेल हेही धरावे. चार्जिंगचा सॉकेट पाण्यापासून बंद होणारा आणि जोत्यापासून चार फूट उंच, त्याला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग. घरातून ओढलेल्या एक्स्टेन्शनवर पावसाळ्यात चार्जिंग करू नये.

माडाखाली शेड बांधू नये. नारळ पत्रा फोडतो आणि टाकीला पोचा पाडतो, सुकलेली झावळी पडली तर आरसाच जातो. शेताजवळ उंदीर आणि घुशी तारा कुरतडतात, उंदरांमागे साप येतो. फटींना जाळी घालण्याचे तेही एक कारण. लाकडी खांब वापरायचे तर काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी बूट बसवून त्यावर, नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत काम उरकते. ज्यांना परस नाही, चाळीत किंवा सोसायटीत राहतात, त्यांनी गाडीवर प्लास्टिक गुंडाळण्यापेक्षा हवा जाणारे कापडी कव्हर घ्यावे आणि गाडी गार झाल्यावरच घालावे.

कुलपाविषयी थोडक्यात. कोबा घालतानाच त्यात जाड सळईची कडी पुरून घ्यावी आणि पुढचे किंवा मागचे चाक व चासी मिळून साखळीने तिला बांधावी. चोराला पत्रा कापायला फार वेळ लागत नाही. काँक्रीटमधली कडी मात्र तो आवाज केल्याशिवाय काढू शकत नाही. जाळीच्या भिंतीतून गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, हा तिचा मोठा गुण आहे.

परवानगीची बाजू टाळू नये. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ ला झाली, त्याआधी १९९० पासून सिडको इथले नियोजन पाहत होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. घराभोवती मोकळी सोडायची जागा मोकळी राहिली पाहिजे, हे तत्त्व त्या प्रत्येक टप्प्यात होते. पक्क्या भिंतींची शेड त्या जागेत आली की ती बांधकामात धरली जाऊ शकते. आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात आराखडा दाखवून लेखी उत्तर घ्यावे, आणि शेड बोल्टने सोडवता येईल अशीच करावी. त्याहून नाजूक बाब घरातली आहे. आपल्याकडची बरीच परसे सामायिक आहेत, सात-बाऱ्यावर काका, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी यांची नावे आहेत. खड्डा खणण्याआधी सगळ्यांना बोलावून जागा दाखवावी. छपराचे पाणी शेजारच्या वाडीत पडणार नाही अशी पन्हळ लावावी आणि ती आपल्याच केळीच्या वाफ्यात सोडावी.

वेळापत्रकाने थांबतो. मे महिन्यात सगळ्या गावाला शेड आठवते, फॅब्रिकेटर मिळत नाही, आणि घाईत घातलेल्या कोब्यावर तिसऱ्या दिवशी गाडी उभी राहते. त्याला निदान सात दिवस पाणी मारून भिजत ठेवायचे असते, आणि गाडीचे वजन पेलायला त्यानंतरही थोडी सवड द्यायची असते. बांधायचे दिवस दसऱ्यापासून मार्चपर्यंतचे. ही पुस्तिका भर पावसात हाती आली असेल तर सध्या फक्त पाहून ठेवा: मोठ्या भरतीच्या दिवशी परसात पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरते, किती वर येते, किती तासांनी ओसरते, आणि झडीचा पाऊस भिंतीवर किती आत पोचतो. त्या नोंदींसाठी पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दोन कोरी पाने सोडली आहेत.